तुमचा गेम मागितलाय कोणी?

लॅपटॉप मिटा. प्रेझेंटेशन पाहून झालं, आता मी बोलणार आहे.

बारा हिरो, प्रत्येकाची जन्मकथा, ट्रेलर, पोस्टर, लोगोचे तीन नमुने. वर्षभराची मेहनत आहे, ती मला दिसते. म्हणून मी एकच विचारलं, तुमच्या गटाबाहेरच्या किती जणांनी हा गेम खेळला? सगळ्यांच्या माना खाली. वर एकाचं उत्तर, ‘आधी हवा करू, खेळणारे आपोआप येतील.’ हे वाक्य या वर्गात पुन्हा ऐकायचं नाही मला.

आणि ‘कॉन्कॉर्ड’चं नाव निघाल्यावर मागच्या बाकावर कोण हसलं? तो गेम करणारी माणसं तुमच्यापेक्षा कितीतरी तयारीची होती. तो बनवणाऱ्या फायरवॉक स्टुडिओत ‘डेस्टिनी’ या गेमवर काम केलेले लोक होते. 2023 मध्ये सोनीने तो स्टुडिओ विकत घेतला. नेमबाजी छान जमली आहे, हे समीक्षकांनीही मान्य केलं. 23 ऑगस्ट 2024 ला गेम बाजारात आला आणि 6 सप्टेंबरला सर्व्हर बंद झाले. चौदा दिवस! स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानावर एका वेळी सर्वाधिक खेळाडू होते 697. सोनीने गिऱ्हाइकांचे पैसे परत केले आणि ऑक्टोबर संपायच्या आत स्टुडिओ बंद करत असल्याचंही जाहीर केलं. लोकांच्या नोकऱ्या गेल्या त्यात. हसण्यासारखं काय आहे?

का बुडाला, ते लिहून घ्या. पाच विरुद्ध पाच, हिरो शूटर, म्हणजे आपला हिरो निवडून खेळायची नेमबाजी. ‘ओव्हरवॉच’ 2016 पासून हिरो शूटरच देत होता आणि 2022 मध्ये त्याचा दुसरा भाग फुकट आला. ‘एपेक्स लेजेंड्स’ फुकट, ‘व्हॅलोरंट’ फुकट. तिथे खेळाडूचे मित्र आहेत, कमावलेली रँक आहे, हात बसलेला आहे. ते सगळं सोडून, 40 डॉलर मोजून त्याने इकडे का यावं? या प्रश्नाचं उत्तर त्या गेमकडे नव्हतं.

‘किंमत नडली’ एवढं लिहून सुटायचं नाही. 2024 च्याच फेब्रुवारीत सोनीनेच आणलेला ‘हेलडायव्हर्स 2’ त्याच 40 डॉलरना तुफान चालला. चार मित्र एकत्र लढायला उतरतात, एकाने मागवलेला बॉम्ब दुसऱ्याच्याच डोक्यावर पडतो आणि दुसऱ्या दिवशी तो किस्सा दहा जणांना सांगून होतो. ते दहा जण मग गेम घेतात. ‘कॉन्कॉर्ड’मध्ये 16 पात्रं होती, दर आठवड्याला त्यांची नवी चित्रफीत दाखवायचा बेत होता. पण पात्राची गोष्ट ऐकायला माणूस आधी खेळात रमायला हवा. तुमच्या बारा जन्मकथांचंही तेच होणार आहे.

‘कॉन्कॉर्ड’ला इशारा मिळालाच नाही, असंही म्हणू नका. लाँचआधी जुलैत ओपन बीटा, म्हणजे सगळ्यांसाठी खुली चाचणी झाली, तीही फुकट. तरी स्टीमवर एका वेळी अडीच हजार खेळाडूही जमले नाहीत. फुकट दिलेलं जे हातात धरत नाहीत, ते महिन्याभराने पैसे मोजतील? लाँच मात्र ठरल्या दिवशीच झाला.

तुम्हाला गेम बाहेर दाखवायची भीती वाटते, कारण समोरचा दोन मिनिटांत कंटाळून उठेल. उठू दे! आज तो उठला तर तुमची एक संध्याकाळ वाया जाईल. उद्या नोकरीत हीच सवय राहिली तर सोबतच्या शंभर जणांचं घर अडचणीत येईल. म्हणून आज रागावतेय, मार्कांसाठी नाही.

ट्रेलरचं काम आजपासून बंद. दोन हिरो ठेवा, एक मैदान ठेवा. दुसऱ्या कॉलेजातली पाच मुलं गाठा, ज्यांना तुमचं मन राखायची गरज नाही. काही समजावून सांगायचं नाही, शेजारी गप्प उभं राहायचं. कोणी कितव्या मिनिटाला कंट्रोलर खाली ठेवला, ते लिहायचं. सोमवारी तो कागद माझ्या टेबलावर हवा.