ओली भिंत व वरचा रंग

कृष्णाकांठच्या सांगली शहरास महापूर नवा नाहीं. २००५, २०१९ व २०२१ या तिन्ही सालीं नदी लोकांच्या घरांत शिरली. आयर्विन पुलापाशीं ४५ फुटांची पातळी धोक्याची समजतात; २०१९ च्या ऑगस्टांत तेथें पाणी ५७ फुटांच्या वर गेलें. याच शहरांत १९१९ सालीं विलिंग्डन महाविद्यालय व १९४७ सालीं अभियांत्रिकीचें महाविद्यालय स्थापन झालें, आणि खेड्यापाड्यांतलीं मुलें तेथें शिकण्यास येऊन भाड्याच्या खोल्यांत राहतात. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांचीं मुलेंही अशाच खोल्यांत राहत असतील. म्हणून एक प्रश्न आम्ही विचारार्थ पुढें ठेवितों: पूर ओसरल्यावर ओल्या भिंतीस रंग देऊन, कांहीं न बोलतां, ती खोली दुसऱ्यास देणें योग्य आहे काय?

पाणी उतरलें म्हणजे भिंत सुकली असें नव्हे. वीट पाणी शोषून घेते, व ओल पुराच्या खुणेच्याही वर चढते. जाड भिंत आंतून सुकण्यास कित्येक महिने लागतात. वरून सिमेंटचा गिलावा व तैलरंग चढविला तर ती ओल आंतच कोंडते. मग लोणा फुटतो, पोपडे सुटतात, बुरशी धरते, आणि ज्यास दम्याची व्यथा आहे त्याची व्यथा वाढते. खरी डागडुजी संथपणें होते. प्रथम वीज बंद करून तारा जाणत्याकडून तपासून घ्याव्या. गाळ ओला आहे तोंच उपसावा. भिंती स्वच्छ पाण्यानें धुवाव्या. सुटलेला गिलावा विटेपर्यंत खरवडावा. दारेंखिडक्या उघडून वारा खेळूं द्यावा. भिंत सुकल्यावरच नवा गिलावा करावा. जुन्या घरास चुन्याचा बरा, कारण चुना ओल बाहेर जाऊं देतो.

कोणी म्हणेल, 'घरधन्याचाही संसार बुडाला. भाडें न आलें तर त्यानें खावें काय?' ही अडचण खरी आहे, व ती आम्ही हलकी मानीत नाहीं. दुसरा म्हणेल, 'भाडेकरूस डोळे आहेत. आम्ही खोटें कांहींच बोललों नाहीं.' परंतु भिंत सुकी दिसावी एवढ्याचकरितां जो रंग दिला, तो रंगच बोलतो. जीभ गप्प राहिली आणि हातानें खोटें सांगितलें, तर मनुष्य निर्दोष कसा ठरेल?

लेवीयाच्या १४ व्या अध्यायांत चट्टा पडलेल्या घराविषयीं नियम आहे. घर रिकामें करून सात दिवस बंद ठेवावें. चट्टा पसरला तर दूषित दगड काढून भिंती खरवडाव्या व नवा गिलावा करावा. तरीही तो परत आला तर घर पाडावें. पण या सर्वांचा आरंभ कोठें होतो? घरधन्यानें स्वतः जाऊन याजकास सांगावें, येथें. आधीं सांगणें, मग दुरुस्ती.

गरिबी हें उशिराचें कारण होऊं शकतें, लपविण्याचें नव्हे. ज्याच्यापाशीं पैसा नाहीं त्यानें एवढेंच म्हणावें, 'बाळा, ही भिंत पुरांत भिजली, अजून सुकली नाहीं. खाट दूर मांड, भाडें कमी दे.' असें बोलल्यानें मिळकत घटेल. कदाचित् भाडेकरू निघूनही जाईल. तें नुकसान खरेंच. पण लपविल्यानें तें नाहींसें होत नाहीं. तें घरधन्याच्या खिशांतून निघून परक्याच्या लेकराच्या छातींत जाऊन बसतें.

येथें शेजाऱ्यांचेंही कर्तव्य आहे. पूर ओसरतांच जे फावडें व घमेलें घेऊन दुसऱ्याच्या दारीं गाळ काढावयास जातात, ते त्या घरधन्याचा खर्चही वांचवितात आणि लपविण्याचा मोहही. आईबापांनीं मुलासाठीं खोली पाहतांना भिंतीस हात लावून पाहावा, व निःसंकोच विचारावें. आणि विचारलें असतां खरें सांगणारा घरधनी भेटला, तर त्याची ओली खोलीही तुच्छ मानूं नये. ती सुकेपर्यंत त्यास साह्य करावें.