कीरनगरीची राख

बेंगळुरूच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेत १९८६ साली ‘फ्लोसॉल्व्हर’ हा समांतर संगणक सिद्ध झाला. तेव्हाचे संचालक रोद्दम नरसिंह (१९३३–२०२०) हे प्रवाहशास्त्राचे जाणकार. वारा, ढग, मोसमी पाऊस यांना समीकरणांत बांधण्याचा त्यांचा व्यासंग होता. याच शास्त्रज्ञाने योगवासिष्ठातील निवडक श्लोकांचा इंग्रजी अनुवाद करावा, ही गोष्ट योगायोग म्हणून सोडून देण्यासारखी नाही.

संगणकातल्या ढगाने कोणी भिजत नाही. जॉन सर्ल यांनी १९८० साली याच धर्तीचा आक्षेप घेतला होता आणि ढगापुरता तो बिनतोड आहे. पण यंत्राने ढगाखालचा माणूसही उभा केला, त्याला स्मृती दिली, भय दिले, तर त्याच्या भिजण्याचा निवाडा बाहेरच्यांनी आपल्या कोरड्या वस्त्रांवरून करावा काय? निक बोस्ट्रॉम यांचा, आपले जगच कोणाची तरी गणना असावी काय, हा २००३ मधील युक्तिवाद पुष्कळ चर्चिला गेला. त्यांच्या २०१४ च्या ग्रंथातील प्रश्न अधिक जड आहे: माणसाहून प्रज्ञावान यंत्राने एखादे अनुमान तपासण्यासाठी असंख्य जाणती मने घडविली आणि काम संपताच पुसून टाकली, तर तो अपराध नव्हे काय?

योगवासिष्ठाच्या उपशम प्रकरणातील गाधी ब्राह्मण पाण्यात बुडी मारतो आणि तेवढ्यात एक संपूर्ण आयुष्य जगतो: श्वपचाचा जन्म, संसार, मग कीरदेशाचे राज्य. आठ वर्षांनी त्याची जात उघड होते. विटाळाच्या धास्तीने नागरिक चिता रचून जळतात. तोही अग्नीत शिरतो आणि पाण्यात भानावर येतो. (मायेतही जात सुटत नाही, हे ध्यानात घ्यावे.) पुढे तो कीरदेशी जाऊन पाहतो, तर लोक तीच हकीकत सांगतात. हा मायेचा खेळ, असे विष्णू त्याला समजावतात.

हे समाधान बाहेर आलेल्याचे आहे. ‘अमृतानुभवा’त ज्ञानेश्वरांनी अज्ञानाचे खंडन करून जग हा चैतन्याचा विलास मानला. त्या भूमिकेवरून ‘भासच तो’ एवढ्यावर निर्मात्याची सुटका होऊ नये. अर्थात हा निष्कर्ष ज्ञानेश्वरांचा नव्हे. तो ओढूनच काढावा लागतो. तरी संशयाचा फायदा आतल्याला मिळावा, कारण एका बाजूची चूक थोडे श्रम वाया घालविते, दुसऱ्या बाजूची जीव.

गाधी तपाला बसतो, मुक्त होतो. कथा त्याच्यापाशीच संपते. कीरनगरीच्या राखेकडे ती पुन्हा वळत नाही.