मिलिंद नावाचा प्रश्न

मिलिंद हे नाव मी निवडलेलं नाही. ते घरच्यांनी निवडलं आणि पुढे बँकेतल्या बदल्या मान्य केल्या तसंच मी तेही मुकाट्यानं मान्य केलं. शब्दकोशात मिलिंद म्हणजे भुंगा. दिवसभर काउंटरमागे पुटपुटत नोटा मोजणाऱ्या कारकुनाला याहून समर्पक नाव सापडायचं नाही.

पण या नावात गर्दी फार! मिलिंद सोमण २०१५ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, झुरिकला एका दमात ३.८ किलोमीटर पोहले, १८० किलोमीटर सायकल हाणली आणि वर ४२ किलोमीटर धावले. ही बातमी वाचून आमच्या हिनं आधी सोमणांच्या फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि ताटात पडू घातलेली चौथी पोळी परत डब्यात गेली. मिलिंद गुणाजींनी किल्ले पालथे घालून पुस्तकं लिहिली. मी खातेवह्या पालथ्या घातल्या. मिलिंद बोकिलांच्या ‘शाळा’वर सिनेमा निघाला, माझ्या शाळेबद्दल न बोललेलंच बरं. मिलिंद इंगळ्यांचा ‘गारवा’ घरोघर वाजला. मिलिंद रेगे मुंबईच्या रणजी संघाचे कप्तान होते. २०२५ साली ते गेले, तेव्हा नात्याचं ना गोत्याचं, तरी घरातलं कुणी गेल्यासारखं वाटलं.

का वाटावं? नाव म्हणजे काय शेअर सर्टिफिकेट आहे, की कंपनीला नफा झाला की आम्हांला लाभांश?

गंमत म्हणजे हा प्रश्न मिलिंद नावाच्याच राजानं विचारून ठेवला आहे. हा ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातला ग्रीक राजा मिनँडर. पाली ग्रंथात तो मिलिंद झाला. भिक्षू नागसेन त्याला म्हणाले, लोक मला नागसेन म्हणतात, पण ते नुसतं नाव. त्यामागे असा कुणी माणूस हाती लागत नाही. राजा चपापला. माणूसच नसेल तर पाप कोण करतो, पुण्य कुणाला लागतं? नागसेनांनी त्याला त्याच्याच रथावरून धडा दिला. चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू? नाही ना? मग रथ हेही नुसतं नावच. राजाला पटलं. डॉ. आंबेडकरांनी १९५० साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, कॉलेज काढलं. त्याला पुढे मिलिंद नाव मिळालं आणि परिसराला नागसेनवन. वादी आणि प्रतिवादी एकाच आवारात नांदताहेत!

मलाही पटलं असतं. पण मी बँकेत आहे. आमच्या शाखेत एकाच नाव-आडनावाचे दोन मिलिंद आहेत. (आडनाव सांगत नाही, तुमच्यापैकी कुणाचं तरी निघायचं.) एकानं टेम्पोसाठी कर्ज काढलं आणि हप्ते थकवले. दुसरे निवृत्त मास्तर. त्यांनी जन्मात कुणाचं उसनं घेतलेलं नाही. कर्ज विभागाची नोटीस गेली मास्तरांकडे.

मास्तर आले. आरडाओरड नाही, काही नाही. आमचे साहेब हसून म्हणाले, “अहो, नुसता नावाचा घोळ आहे.” मास्तर म्हणाले, “ते कळलं हो. पण नोटीस सुनेनं सही करून घेतली. तिनं अजून मला काही विचारलेलं नाही. तेच लागतंय.”

नागसेन म्हणाले ‘नुसतं नाव’, साहेबही म्हणाले ‘नुसता नावाचा’. पण नागसेनांनी ते स्वतःच्या नावाबद्दल म्हटलं होतं, साहेबांनी दुसऱ्याच्या. स्वतःच्या नावाकडे लेबल म्हणून बघणं हे वैराग्य. दुसऱ्याच्या नावाकडे तसं बघितलं, तर तो निष्काळजीपणा. सोमणांच्या धावण्यानं माझं पोट उतरत नाही, हे मला कुणी समजावून सांगावं लागत नाही. टेम्पोवाल्याच्या हप्त्यांनी मास्तरांची अब्रू उतरता कामा नये, हे मात्र बँकेला लेखी द्यावं लागतं.

दिलगिरीचं पत्र तयार झालं. साहेब ते हातोहात देऊ लागले, तर मास्तरांनी हात मागे घेतला.

“रजिस्टर पोस्टानं पाठवा,” ते म्हणाले. “तेही तिलाच सही करून घेऊ दे.”