मोडलेला डाव कोणाचा?

बुलढाणा जिल्हा हा काही फुटबॉलचा मुलूख नव्हे. तो मान कोल्हापूरच्या पेठांचा आणि गोव्याच्या गावांचा. आमच्याकडे वर्ष मोजले जाते ते यात्रांवर : होळीला सैलानी, अक्षय्य तृतीयेला भेंडवळची घटमांडणी, आणि आषाढीसाठी शेगावहून पंढरपूरला पायी निघणारी गजानन महाराजांची पालखी. परंतु २०२० साली कोरोनाची साथ आली आणि या यात्रांपुढे व जगभरच्या फुटबॉल संघांपुढे एकच प्रश्न उभा राहिला. जे दरवर्षी होते, ते यंदा करावे की करू नये?

आमच्या जिल्ह्याने त्याचे उत्तर फार लवकर दिले. पिंपळगाव सराईजवळच्या सैलानीबाबांच्या दर्ग्यावर होळीला नारळांची होळी पेटते, आणि तिथे हिंदू व मुसलमान दोघेही नवस घेऊन येतात. त्या मार्चमध्ये प्रशासनाने ही यात्रा रद्द केली तेव्हा जिल्ह्यात एकही रोगी सापडलेला नव्हता. हा निर्णय ज्यांना घाईचा वाटला असेल, त्यांना उत्तर मिळायला फार दिवस लागले नाहीत. महिना संपण्यापूर्वीच जिल्ह्यात पहिला बळी गेला. पुढे शेगावच्या पालखीची वाटही दोन वर्षे सुनी राहिली. १९६८ पासून चाललेला हा क्रम २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाला.

येथे कोणी म्हणेल, की वारी कोठे आणि चेंडूचा खेळ कोठे! वारी थांबली, मग खेळाचे काय कौतुक? मला वाटते, अडचण नेमकी उलटी आहे. वारी चुकली तर वारकऱ्याला हळहळ वाटते, पण कोणाचे देणे राहत नाही. विठ्ठल काही गुण मोजत बसलेला नसतो. लीगचे तसे नाही. ती अर्ध्यावर थांबली की कोणी पुढे असतो, कोणी मागे असतो. त्या क्षणी जो जिथे असेल तिथेच त्याला खिळवून टाकायचे काय? घरातली मुलेसुद्धा रंगात आलेला पत्त्यांचा डाव आईने उधळला, तर आधी विचारतात, ‘मग जिंकले कोण?’

या बालिश वाटणाऱ्या प्रश्नाने शहाण्यांनाही घाम फोडला. इंग्लंडात लिव्हरपूलचा संघ तीस वर्षांनी विजेतेपदाच्या उंबरठ्यावर आला होता. नऊ सामने उरले असताना तो पंचवीस गुणांनी पुढे होता. फ्रान्सने दहा फेऱ्या बाकी असताना हंगाम संपवला, पॅरिसच्या संघाला विजेता ठरवले, आणि आमियाँच्या संघाला खालच्या श्रेणीत ढकलले. आमियाँ बचावापासून चारच गुण दूर होता. हॉलंडने विजेता कोणालाच ठरवले नाही. कोणाला खाली नेले नाही, वरही घेतले नाही. हा न्याय दिसायला समान खरा, पण दुसऱ्या श्रेणीत पहिल्या क्रमांकावर असलेल्या कांबूर संघाच्या वर्षभराच्या घामावर त्याने पाणी ओतले. जर्मनीने १६ मे २०२० रोजी रिकाम्या मैदानांत खेळ पुन्हा सुरू केला. तिथे हिशेब रोखठोक होता : सामने झाले तरच प्रक्षेपणाचे पैसे मिळणार होते, आणि त्यावर खेळाडूंपासून मैदानाची निगा राखणाऱ्यांपर्यंत अनेकांच्या चुली अवलंबून होत्या.

म्हणून ‘पैशासाठी खेळले’ असे म्हणून नाक मुरडणे मला पटत नाही. खेळ पाहणाऱ्याला ती करमणूक असते, पण खेळणाऱ्याचे ते पोट असते. शेतकऱ्याने साथीत पेरणी केली तर त्याला आपण लोभी म्हणत नाही. शिवाय घरात कोंडलेल्या माणसाला संध्याकाळी दोन घटका दुसऱ्या कशाची तरी काळजी करता आली, तर तेही एक औषधच.

मग आक्षेप कशाला? आठवून पाहा २०२१ चा एप्रिल. राज्यात कडक निर्बंध होते. आमच्या जिल्ह्यात तेव्हा वैद्यकीय महाविद्यालय नव्हते. रोग्याची अवस्था बिकट झाली, की अकोल्याची वाट धरावी लागे आणि तिथेही खाट मिळेल याची शाश्वती नसे. त्याच दिवसांत मुंबईत वानखेडेच्या मैदानावर क्रिकेटचे दिवे लागत होते. खेळाडूच बाधित होऊ लागल्यावर ४ मे रोजी ती स्पर्धा थांबली. खेळ आधीच थांबला असता तर प्राणवायूची एक नळी जास्त निघाली असती काय? बहुधा नसती. पण आळीत मयत झाली की शेजारच्या लग्नाची वाजंत्री कोपऱ्यावर थांबते, ती काही गेलेला माणूस परत यावा म्हणून नव्हे. लग्न मोडत नाहीत. ते मुकाट्याने लावून घेतात. खेळाचेही तसे होऊ शकले असते. येथे मात्र प्रेक्षक नाहीत म्हणून पडद्यावर त्यांचा ध्वनिमुद्रित गलका ऐकवला गेला! मला खुपला तो खेळ नव्हे, तो गलका.

तेव्हा खेळावे की थांबवावे, याचे एकच उत्तर साऱ्या जगाला लागू पडणार नाही. चाचणी करणारे हात जिथे पुरेसे आहेत आणि खेळणाऱ्याला ‘मी येत नाही’ म्हणण्याची मुभा आहे, तिथे खेळावे. जिथे धोका एकाचा आणि नफा दुसऱ्याचा, तिथे थांबवावे. यावर बहुतेकांचे एकमत होईल. वाद खरा पुढे आहे, आणि तो फारसा कोणी घालत नाही. थांबवल्यावर जे बुडाले, ते कोणी सोसायचे?

या बाबतीत आपल्या देशातला एक निर्णय मला विशेष आवडला. २०२० मध्ये आय-लीग अठ्ठावीस सामने उरले असताना संपवण्यात आली. मोहन बागानने चार सामने राखून पहिला क्रमांक आधीच पक्का केला होता. त्यांचे पद त्यांना दिले. बाकीच्या दहा संघांचे क्रम अनिश्चित होते. तेव्हा उरलेली बक्षिसाची रक्कम त्यांच्यात सारखी वाटली, आणि खाली कोणालाच ढकलले नाही. जे सिद्ध झाले होते ते मान्य केले, आणि जे सिद्ध व्हायचे राहिले त्याचा तोटा एकाच्याच माथी मारला नाही. आमियाँच्या खेळाडूंना हे भाग्य लाभले नाही.

आणि सैलानीच्या वाटेवर नारळ, रेवड्या, बांगड्या विकणाऱ्याला? त्याची वर्षाची कमाई त्या आठवड्यातली. यात्रा रद्द करणे योग्यच होते. त्याने माणसे वाचली असतील. पण ती वाचली ती आपली सर्वांची, आणि माल पडून राहिला तो त्याच्या एकट्याचा. फुटबॉलच्या संघाजवळ निदान दाद मागायला वकील असतो. रेवडीवाल्याचा गुणतक्ता कोणी छापत नाही.

एखादी गोष्ट सर्वांच्या भल्यासाठी थांबवायची असेल, तर तिची किंमतही सर्वांनी मोजायला हवी. डाव मोडण्याचा अधिकार घरच्या वडीलधाऱ्यांना असतो, यात शंका नाही. पण पत्ते गोळा करताना कोणाच्या हाती काय होते, हे एकदा पाहून घेणे, हेही वडीलपणातच येते. साथी पुढेही येतील. तेव्हा रद्द झालेल्या यात्रेच्या हुकुमाखाली रेवडीवाल्याच्या नावाचीही एक ओळ असावी, एवढेच माझे मागणे आहे.