उरलेले अंतर

दोन शहरांमधील अंतर किती, हा प्रश्न वरवर पाहता भूगोलाचा आहे. चिकलठाणा विमानतळापासून मुंबई सरळ रेषेत सुमारे २८० किलोमीटर भरते आणि विमान ते अंतर तासाभरात कापते. रस्त्याने हाच प्रवास आणखी पन्नास-साठ किलोमीटरनी वाढतो. नागपूर-मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ११ डिसेंबर २०२२ रोजी शिर्डीपर्यंत, तर ५ जून २०२५ रोजी पूर्णपणे खुला झाला. या दोन शहरांमधील सोळा तासांचा प्रवास त्यामुळे आठ तासांवर आला, असे सांगितले जाते.

परंतु विमानाचा हा तास चिकलठाण्यापासून सुरू होतो. देवगाव रंगारीच्या प्रवाशाला त्याआधी एस.टी.ची वाट पाहण्याचा, कन्नड तालुक्यातील रस्त्याचा आणि शहरातील गर्दीचा वेळ धरावा लागतो. घाटी रुग्णालयाकडे निघालेल्या रुग्णाला तर प्रत्येक मैल दुप्पट वाटतो. काळ आपण मनातच मोजतो, असे संत ऑगस्टीन यांनी सोळाशे वर्षांपूर्वी म्हटले, ते याच अर्थाने पटते.

म्हणूनच हा प्रश्न अखेर नीतीचा ठरतो. पूर्वी मुंबई-पुण्यास नोकरीला असलेला मुलगा वृद्ध आईवडिलांच्या आजारपणात येऊ शकला नाही, तर गाव त्याला दोष देत नसे. वाट लांब होती, रजा अपुरी होती. आता वाट आखूड झाली आहे. तरीही अंत्यविधीला सर्वजण वेळेवर पोहोचतात आणि आजारपणात खाटेजवळ कोणी नसते, असे आपल्या कुटुंबांतही घडते. जी अनुपस्थिती काल नाइलाज होती, ती आज निवड झाली आहे. रस्ता जितका सुधारतो, तितकी आपली सबब दुबळी होते.

याचा दोष वेगाला देणे मात्र योग्य नव्हे. वेगामुळे रुग्णवाहिका वेळेत पोहोचते, दुरावलेली भावंडे एका दिवसात भेटून परत जाऊ शकतात. शिवाय ज्याला रोजंदारी बुडवून यावे लागते, त्याच्यासाठी चांगला रस्ताही पुरेसा नसतो. त्याला दोषी ठरविण्यापूर्वी आपण विचार करावा. प्रश्न आहे तो ज्याच्या हाती वेळ शिल्लक राहिला, त्याचा.

यरुशलेमहून यरीहोला जाणारी वाट अवघी पंचवीसेक किलोमीटरची. तिच्यावर पडलेल्या जखमी माणसापासून याजक, लेवी आणि शोमरोनी हे तिघेही सारख्याच अंतरावर होते. दोघे बाजूने निघून गेले, तिसरा थांबला. प्रभू येशूने विचारले ते एवढेच, की या तिघांपैकी त्याचा शेजारी कोण झाला? शेजारी असणे हे अंतरावर अवलंबून असते. शेजारी होणे हे मनावर.

प्रवासात वाचलेले तास ही आपली एकट्याची कमाई नव्हे. त्या रस्त्यासाठी कोणी जमीन दिली, कोणी घाम गाळला. त्या तासांतील काही वाटा गावी वाट पाहणाऱ्याचाही आहे. या सणाला घरी जाताना तो वाटा त्याच्या हाती पोहोचवावा, इतकेच वाचकांपुढे ठेवतो.