बाहेरची मदत

काटेसावरीवरचं शेवटचं फूल आज गेलं. एरवी मला त्याचं काही वाटलं नसतं. पण कोल्हापूरच्या राजाराम तलावात पोहताना मला ते झाड लागतं.

बंदिस्त टाकीत तळाशी काळी रेघ असते, तिच्यावरून नाकासमोर जायचं. तलावात डोकं खाली घातलं की नुसता हिरवट काळोख. म्हणून दर आठ-दहा हातांनी डोळे तेवढे पाण्यावर काढायचे, पलीकडच्या काठावरची एखादी खूण बघायची आणि तिच्या रोखानं जायचं. माझा उजवा हात डाव्यापेक्षा जोरकस, त्यामुळे खूण नसेल तर मी सरळ जातेय असं समजून डावीकडे वळत राहते. फेब्रुवारीत ही अडचण नव्हती. अंगावर एक पान नाही, नुसती लालभडक फुलं, अशी ती काटेसावर चष्म्यावर थेंब असले तरी दिसायची. होळी झाली, फुलं गळायला लागली, पालवी फुटली आणि झाड शेजारच्या झाडांत मिसळून गेलं.

तोडगा नवऱ्यानं काढला. "तुझं झाड मी होतो," म्हणाला आणि जुना लाल टी-शर्ट घालून पलीकडच्या काठावर जाऊन उभा राहिला. त्याला स्वतःला पोहता येत नाही. हातात टॉवेल, गळ्यात शिट्टी, आणि माझ्या कमरेला बांधलेला भगवा फुगा जिकडे जाईल तिकडे त्याची मान. गेल्या रविवारी मात्र त्याला चहाची तलफ आली. मी डोळे वर काढले, लाल दिसलं, त्या रोखानं हात मारत राहिले. काठाला लागून चष्मा वर केला तर समोर म्हैस. म्हशी धुवायला आलेल्या एका मामांनी मोटारसायकल पाण्याशी उभी केली होती आणि तिची टाकी लाल होती. मामा म्हणाले, "ताई, इकडं कुठं?" याला काय उत्तर देणार!

मी त्रेचाळीस वर्षांची, बँकेत नोकरी करणारी, उशिरा पोहायला शिकलेली बाई आहे. पावसाळ्यानंतर गोव्यात जी अर्धी आयर्नमॅन होते, तिच्यात उतरायचं मनात आहे. २०१९ साली ती मिरामारच्या किनाऱ्यावर पहिल्यांदा झाली. समुद्रात १.९ किलोमीटर पोहायचं, ९० किलोमीटर सायकल, मग २१.१ किलोमीटर धावायचं. सगळं मिळून साडेआठ तासांच्या आत. परदेशी पुस्तकांत वसंतातला सराव म्हणजे बर्फ वितळल्यावर सायकल घराबाहेर काढण्याचा काळ. आमचा वसंत म्हणजे मार्च एंडिंग, मुलीची दहावी आणि रस्त्यावर सांडलेला ऊस. हंगाम संपत आला की कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॅक्टरांना फार घाई असते. मागच्या दोन-दोन ट्रॉल्यांतून कांडी पडतात, आणि सायकलच्या दोन बोटं रुंदीच्या टायरला एक कांडं पुरतं.

या खेळाला एकट्याचा खेळ म्हणतात. तसा नियमच आहे. शर्यत चालू असताना बाहेरची मदत घेतली तर बाद. घरच्या माणसानं पाण्याची बाटली पुढे करायची नाही, कुणी शेजारून पळत सोबत करायची नाही. जे घ्यायचं ते आयोजकांच्या टेबलावरून. सायकलवर पुढच्याच्या मागे बारा मीटर अंतर ठेवायचं, कारण त्याच्या पाठीच्या आडोशाला वारा कमी लागतो आणि तीही मदतच झाली. अगदी शेवटच्या रेषेवर पोरीचा हात धरून पळालं तरी बाद. हे सगळं बघायला मोटारसायकलवरून पंच फिरत असतात.

मुलगी भूमितीच्या पुस्तकातून मान वर न काढता म्हणाली, "म्हणजे तुमच्याकडे पण भरारी पथक असतंय!"

तिच्या केंद्रावर पहिल्या दिवशीच पथक येऊन गेलं होतं. दाराबाहेर आम्ही पालक उभे होतो. कुणाच्या हातात पाण्याची बाटली, कुणाकडे जादाची पेनं. अकरा वाजता फाटक बंद झालं, तरी बराच वेळ कुणी हललं नाही. आतल्या पोराला त्याचा काही उपयोग नव्हता, हे सगळ्यांनाच माहीत होतं.

पहाटे साडेचारला आम्हा दोघींचा गजर एकदमच वाजायचा. ती अभ्यासाला बसायची, मी टायरमध्ये हवा भरायची. चहा कुणी करायचा यावर रोज भांडण, आणि रोज तो सासूबाई करायच्या.

सासूबाई जुन्या कोल्हापूरच्या. "मी जातो, मी करतो" असंच बोलतात. माझा हा नाद सुरू झाला तेव्हा त्यांनी एकच विचारलं होतं, "एवढं पळून तुला जायचं कुठं असतंय?" मीही अजून त्याच प्रश्नावर आहे. पण त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. शनिवारच्या लांब फेरीचा दिवस त्यांनी पंचांगासारखा पाठ करून टाकला.

दुकानात या खेळाच्या गोड जेलच्या पुड्या मिळतात. एकेका पुडीला शंभराच्या वर रुपये, आणि चव सर्दीच्या गोड औषधाची. एक पुडी सासूबाईंनी जिभेवर ठेवून बघितली, तोंड वाकडं केलं आणि म्हणाल्या, "ह्यात आहे काय? साखर आणि मीठच न्हवं?" तसं बघितलं तर बरोबर होतं. दुसऱ्या शनिवारी माझ्या सायकलच्या बाटलीत पन्हं होतं. कैरी उकडून, गूळ आणि मीठ घालून केलेलं. वेलचीही होती, कारण वेलचीशिवाय त्यांच्या हातून पन्हं होत नाही. केर्लीच्या अलीकडे मी बाटली तोंडाला लावली, दाबली, काही आलं नाही. आणखी दाबली. टोपणाच्या बारीक भोकात कैरीचा रेषा अडकला होता. मी चालत्या सायकलवर दातांनी तो ओढायला गेले आणि टोपणच निघालं. पन्हं हँडलवर, गुडघ्यांवर, बुटांत. पुढचे तीस किलोमीटर माझ्यामागे माश्या होत्या, आणि त्यांना बारा मीटरचा नियम लागू नव्हता.

घरी आल्यावर त्यांनी बाटली हातात घेतली, टोपण उजेडाकडे धरून भोकातून आरपार बघितलं. बोलल्या काहीच नाहीत. आता त्या पन्हं जुन्या सुती साडीच्या तुकड्यातून दोनदा गाळतात. तो तुकडा धुऊन माझ्या पोहण्याच्या टोपीशेजारी वाळत घातलेला असतो.

खरं तर ही शर्यत सुरू झाली तेव्हा बाहेरच्या मदतीवरच उभी होती. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी हवाईतल्या ओआहू बेटावर पहिली आयर्नमॅन झाली. नौदलातले अधिकारी जॉन कॉलिन्स आणि त्यांच्या पत्नी ज्युडी यांनी बेटावरच्या तीन वेगवेगळ्या स्पर्धांची अंतरं एकापुढे एक जोडली: ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि वर पूर्ण मॅरेथॉन. पंधरा जण उतरले, बारा जण पोचले. वाटेत पाण्याची टेबलं वगैरे नव्हती. ज्यानं त्यानं आपापली माणसं आणायची होती. गॉर्डन हॅलर ११ तास ४६ मिनिटं ५८ सेकंदांत पहिला आला. जॉन डनबार दुसरा. डनबार बराच वेळ पुढे होता, पण त्याच्या माणसांजवळचं पाणी संपलं, तेव्हा त्यांनी त्याला बिअर दिली.

ही गोष्ट मी घरी जेवताना सांगितली. नवरा पोट धरून हसला. सासूबाईंना ती विनोदी वाटली नाही. "पाणी संपतंयच कसं?" म्हणाल्या. "माणसं न्हेली कशाला मग?"

माझ्या मनात तेव्हापासून ती मदतनीस माणसंच राहिली आहेत. कुणाचे तरी मित्र, दिवसभर गाडी घेऊन उन्हात एका माणसाच्या मागेपुढे करणारे. हॅलरची वेळ सेकंदापर्यंत नोंदलेली आहे. त्या मदतनिसांचाही दिवस तेवढाच मोठा होता.

आमचं चौघांचं टोळकं आहे. एक चपलांचे दुकानदार, एक भूलतज्ज्ञ डॉक्टर, एक आयटीआयमधले सर आणि मी. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मी रात्री नऊला बँकेतून सुटायची, तेव्हा सकाळी उठवायचं काम डॉक्टरांकडे होतं. ते म्हणतात, आयुष्यभर लोकांना झोपवतो, एखादीला उठवून बघू. सर सगळ्यांच्या साखळ्यांना तेल घालतात आणि घालताना आयटीआयच्या पोरांना शिकवावं तसं बोलतात. सरावात आम्ही नियम खुशाल मोडतो. एकामागे एक, चाकाला चाक लावून जातो. चैत्रात नऊ वाजून गेले की पश्चिमेचं वारं समोरून यायला लागतं. मग दुकानदार पुढे होतात, कारण त्यांची पाठ सगळ्यांत रुंद. त्या पाठीमागे पाय अचानक हलके होतात, आणि आपण फार तयारीचे आहोत असं वाटायला लागतं. ते बाजूला झाले की दोनच मिनिटांत ते वाटणं जातं. परत येताना गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर थांबतो. समोर धार काढून पेला हातात मिळतो, वर फेस. त्या फेसासाठी मी आणखी दहा किलोमीटर सायकल मारीन.

सायकलवरून उतरून लगेच पळायचं, याला या खेळात ब्रिक म्हणतात. तो सराव आम्ही रंकाळ्यावर करतो. पहिली दहा मिनिटं पाय कुणाकडून तरी उसने आणल्यासारखे असतात. टाकायचे एकीकडे, पडतात दुसरीकडे. कट्ट्यावर बसलेले एक आजोबा दर वेळी विचारतात, "पाय मुरगळला काय?" मी दर वेळी नाही म्हणते, आणि त्यांचा विश्वास बसत नाही.

चैत्री पौर्णिमेच्या दोन दिवस आधी आम्ही जोतिबाच्या घाटाला गेलो. दरवर्षी या दिवसांत सायकल तिकडे न्यायची नाही, असं ठरवतो आणि दरवर्षी जातो. रस्ता यात्रेला निघालेल्या माणसांनी भरलेला. पाठीला पिशव्या, डोक्यावर टॉवेल, पायांत साध्या चपला, काहींच्या त्याही नाहीत. कितीतरी जण चार-पाच दिवस चालत आलेले. घड्याळात ठोके बघणारं कुणी नव्हतं. एक सासनकाठी चढाला लागली होती. दोन मजली घराहून उंच बांबू, एक गडी तो पोटाशी धरून पेलत होता आणि चारी बाजूंनी बाकीचे दोर ताणून तोल सावरत होते. वळणावर एक दोर सैल पडला तशी काठी झुकली, सगळे एकदम ओरडले आणि मागून कुणीतरी तो दोर पुन्हा खेचला. आम्ही उतरून सायकली हातात धरल्या आणि बाजूनं चालायला लागलो. त्या दिवशीच्या सरावाच्या वहीत मी "घाट, चालत" एवढंच लिहिलं. गुलाल मात्र साखळीत गेला, तो सरांना दोन दिवस निघाला नाही.

दहावी संपली. मार्चही संपला. फेब्रुवारीत सात वाजत आले तरी सूर्य दिसायचा नाही. आता सहाला फटफटलेलं असतं, म्हणजे पाण्यात लवकर उतरता येतं आणि नवऱ्याला लवकर उठावं लागतं. आज काटेसावर मोकळी झालेली बघून तो म्हणाला, आता माझी नोकरी कायम. मग परत येताना, गाडी चालवता चालवता, बराच वेळ विचार करून त्यानं विचारलं, "गोव्यात मी कुठं उभा राहायचं?"

मी म्हटलं, तिथं काही गरज नाही. पाण्यात खुणेचे मोठे फुगे असतात, त्यांच्याकडे बघून जायचं. शिवाय बाहेरची मदत चालत नाही.

"उभं राहायलाही बंदी आहे काय?"

घरी येऊन नियमांचं पुस्तक पुन्हा काढलं. बाटलीबद्दल आहे, सोबत पळण्याबद्दल आहे, शेवटच्या रेषेबद्दल आहे. लाल टी-शर्ट घालून काठावर उभं राहण्याबद्दल काही सापडलं नाही.