नुकसानीची खरी यादी

सन २०१९ च्या ऑगस्ट महिन्यांत कृष्णा व पंचगंगा या नद्यांच्या पुरानें सांगली व कोल्हापूर या जिल्ह्यांतील अनेक गांवें पाण्याखालीं गेलीं, आणि सन २०२१ च्या जुलै महिन्यांत वासिष्ठीच्या पाण्यानें चिपळूण व सावित्रीच्या पाण्यानें महाड हीं शहरें बुडालीं, हें आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. अशा वेळीं पाणी ओसरल्यावर घरधनी गाळ काढतो, भिजलेलें धान्य उन्हांत घालतो, आणि घराचा विमा असल्यास नुकसानीची यादी लिहावयास बसतो. ती यादी लिहितांना मनांत जो प्रश्न उभा राहतो, त्याविषयीं आज चार शब्द लिहावे असें आम्हीं योजिलें आहे.

समजा, एका गृहस्थाच्या घरांत कंबरभर पाणी शिरलें. कपाट फुगलें, गाद्या कुजल्या, फ्रीज बंद पडला. हें सर्व खरें. परंतु टीव्ही मात्र पुरापूर्वीं दोन महिने बंदच होता, आणि मागच्या भिंतीस दरवर्षीं ओल येऊन गिलावा पडतच असे. शेजारचा तरुण म्हणतो, “काका, तेंही लिहा कीं! कंपनीला काय कळतें? इतकीं वर्षें हप्ते भरलेत ते कशासाठीं?” गृहस्थ विचारांत पडतो. नुकसान खरें, गरज खरी. मग यादींतील दोन ओळी तेवढ्या खोट्या असल्या तर कोणाचें काय बिघडलें?

याचें उत्तर देण्यापूर्वीं विमा म्हणजे काय हें पाहिलें पाहिजे. कंपनी नफा मिळविते हें खरें. तथापि तिच्या हातचा पैसा मुख्यतः हजारों घरांच्या हप्त्यांचा असतो. त्यांपैकीं बहुतेक घरांवर त्या वर्षीं संकट येत नाहीं. ज्यांवर येतें त्यांस त्यांतून भरपाई मिळते. म्हणून आपल्या घरास कधीं पाणी लागलें नाहीं तर आपले हप्ते बुडाले असें समजूं नये. ते कोणाच्या तरी पडलेल्या भिंतीस लागले. खोट्या ओळीचा पैसाही याच थैलींतून जातो. अशा ओळी वाढल्या म्हणजे हप्ता वाढतो, आणि प्रामाणिक मनुष्याच्या खऱ्या यादीकडेही संशयानें पाहिलें जातें. तेव्हां ‘आम्हीं कंपनीस फसविलें’ असें म्हणणारा वस्तुतः आपल्या शेजाऱ्यासच फसवितो.

याहून कठीण असा दुसरा प्रश्न आहे. नुकसान खरें, रक्कमही खरी, परंतु काम लवकर व्हावें म्हणून एखादें असत्य सांगितलें, तर तें क्षम्य आहे काय? इंग्लंडांत असा एक खटला झाला. सन २०१० च्या जानेवारींत ‘डीसी मर्वेस्टोन’ या जहाजाच्या यंत्रघरांत पाणी शिरून तीस लाख युरोंहून अधिक हानि झाली. हानि खरीच होती. परंतु मालकांच्या वतीनें असें कळविण्यांत आलें कीं, पाण्याची सूचना देणारी घंटा वाजली होती, पण वादळांत जहाज हेलकावत असल्यामुळें खलाशांनीं तिकडे लक्ष दिलें नाहीं. या म्हणण्यास आधार नव्हता. खालच्या दोन न्यायालयांनीं संपूर्ण मागणी बुडाली असें ठरविलें. सन २०१६ मध्यें तेथील सर्वोच्च न्यायालयानें चार विरुद्ध एक अशा मतांनीं तो निकाल फिरविला. मागणी मुळांत खरी असल्यामुळें त्या असत्यानें ती बुडत नाहीं, असें ठरलें.

न्यायालयानें कराराचा प्रश्न सोडविला. विवेकबुद्धीचा प्रश्न शिल्लकच राहतो. जो खऱ्या गोष्टीस खोट्याचा टेकू देतो, तो सत्य एकटें उभें राहूं शकतें यावर आपला विश्वास नाहीं असेंच कबूल करीत असतो. शिवाय पाहा, खऱ्या नुकसानीसाठीं त्या मालकांस सहा वर्षें न्यायालयांच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. आपल्या विमापत्रांतही कपटाविषयीं कलम असतें. खोट्या मजकुरामुळें खरी मागणीही नाकारली जाण्याचें भय आहे.

परंतु अधिक मागूं नये म्हणजे कमी मागावें असा अर्थ कोणी घेऊं नये. पुष्कळ भोळे लोक आपल्या हक्काचेंही मागत नाहींत. भरपाई ही भीक नव्हे, कराराचें देणें आहे. १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ नांवाचें एकाच नमुन्याचें विमापत्र देशांत सुरू झालें आहे. त्यांत पूर, वादळ, दरड कोसळणें, तसेंच पाण्याची टाकी किंवा नळ फुटणें यांपासून होणारी हानि येते. घराच्या इमारतीचा विमा असल्यास घरांतील सामानासही इमारतीच्या रकमेच्या वीस टक्क्यांपर्यंत, मात्र दहा लाखांच्या आंत, आपोआप संरक्षण मिळतें. वर्षानुवर्षें झिरपणारी ओल ही मात्र आकस्मिक आपत्ति नव्हे.

पाणी ओसरतांच कंपनीस कळवावें. भिंतीवरील पाण्याची खूण धुण्यापूर्वीं तिचें व प्रत्येक वस्तूचें छायाचित्र काढावें. कंपनीचा सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत खराब वस्तू टाकून देऊं नये. जें वाचवितां येईल तें वाचवावें. पावत्या व पंचनाम्याची नक्कल जपून ठेवावी. सद्भाव दोन्ही पक्षांस बांधतो. म्हणून कंपनीनें खरी मागणी अडविली तर प्रथम तिच्याकडेच लेखी तक्रार करावी, आणि महिनाभरांत समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे जावें. तेथें शुल्क लागत नाहीं, वकीलही लागत नाहीं.

आमच्या वाचकांपैकीं अनेकांवर याहून मोठी जबाबदारी आहे. गांवांत ज्याच्या हातीं लेखणी, त्याच्याकडे शेजारीपाजारी अर्ज लिहावयास येतात, आणि “मास्तर, एवढी एक ओळ वाढवा” असेंही म्हणतात. त्या वेळीं केवळ ‘नाहीं’ म्हणून हात झाडणें सोपें आहे. परंतु ज्याच्या चुलींत अजून चिखल आहे त्यास नुसता उपदेश काय कामाचा? त्याच्याबरोबर घरांत जावें, तो विसरलेली प्रत्येक खरी वस्तू शोधून लिहावी, आणि त्या मागच्या भिंतीपुढें स्पष्ट लिहावें कीं, ‘ही ओल पुरापूर्वींची.’ अशी यादी कदाचित् दोन ओळींनीं लहान होईल. परंतु सर्व्हेअरनें कोणताही प्रश्न विचारला तरी त्या गृहस्थास मान खालीं घालावी लागणार नाहीं.